एकच गाणं पंचवीस मिनिटं! बे एरियातले हे जॅमवाले काका कोणी ऐकतं का?

चिंचगुळ:
नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

आम्हाला बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, फ्रीमाँटला येऊन सहा वर्षं झाली. शेजारी एक आजोबा राहतात, सत्तरी ओलांडलेले, रिटायर्ड पोस्टमन. त्यांच्या गॅरेजमधून रोज संध्याकाळी गिटारचा आवाज येतो, आणि इतकी वर्षं मला वाटायचं की हे रोज एकच गाणं ऐकतात. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे एक तिकीट जास्तीचं होतं, बरोबर येणाऱ्या मित्राला ताप आला, तर मला म्हणाले चल. मिल व्हॅलीला स्वीटवॉटर म्हणून छोटा हॉल आहे तिथे गेलो. ग्रेटफुल डेड या इथल्याच जुन्या रॉक बँडची गाणी वाजवणारे स्थानिक लोक होते, एकदोघांच्या पांढऱ्या दाढ्या, ड्रमवाला मात्र पंचविशीतला.

एका गाण्याचे शब्द चारेक मिनिटांत संपले, मी टाळ्या वाजवायला हात उचलले तर आजोबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाले, थांब, आत्ता तर सुरू झालंय. आणि मग ते जे निघाले (याला जॅम म्हणतात म्हणे) ते कुठल्या कुठे गेले. मधे तर ठेकासुद्धा सुटला, नुसतेच आवाज, मला वाटलं आता हे हरवले. पंचवीस मिनिटांनी त्याच पहिल्या ओळीवर सगळे एकदम येऊन आदळले आणि अख्खा हॉल ओरडला. समेवर आल्यावर आपल्याकडे माना हलतात ना, तसंच, फक्त पाचशे वॉटचं. माझ्या अंगावर काटा आला आणि तो उतरेचना.

तर प्रश्न असे की आपल्यातलं कोणी हे ऐकतं का? कुठून सुरुवात करू? आणि तिसरा प्रश्न, जो मला परत येताना गाडीत छळत होता: हॉलमधले निम्मे लोक आजोबांच्या वयाचे होते. ही पिढी गेली की हे सगळं संपणार का?

अर्धी_भाकरी:
आमच्याकडे गणपतीची आरती अशीच चालते. सगळे शब्द विसरलेले असतात, मधे कोण कुठे असतं माहीत नसतं आणि 'घालीन लोटांगण'ला सगळे एकदम जागे होऊन एका सुरात! पाट मांडून बसलोय, येऊ द्या प्रतिसाद.

खाडीपलीकडे:
चिंचगुळ, तुमचा धागा बघून ऑफिसचं काम बाजूला ठेवलंय.

मी १९८७ पासून सॅन राफेलला राहतो. लोकांना ग्रेटफुल डेड म्हटलं की स्टेडियम आणि रंगीत टी-शर्ट आठवतात, पण हा मुळात गल्लीतला बँड हो. पालो अल्टोच्या एका वाद्यांच्या दुकानात यांचा मुख्य गिटारवाला जेरी गार्सिया शिकवण्या करायचा, तिथेच १९६३ च्या शेवटच्या रात्री बॉब वीअर नावाचा सोळा वर्षांचा मुलगा, पुढे यांचा दुसरा गिटारवाला, आत डोकावला. १९६५ मधे मेन्लो पार्कच्या एका पिझ्झाच्या दुकानात त्यांनी वाजवायला सुरुवात केली, तेव्हा नाव होतं वॉरलॉक्स. मग सॅन फ्रान्सिस्कोत ७१०, अ‍ॅशबरी स्ट्रीटवरचं घर, आणि पुढे सगळे आमच्या मरीन काउंटीत आले ते इथलेच होऊन गेले. भाजीच्या दुकानात दिसायचे.

गंमत अशी की गार्सियाला सुट्टी मानवायचीच नाही. डेडचा दौरा नसेल तेव्हा तो बर्कलीच्या कीस्टोनमधे वाजवायचा, नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्डमधे स्वतःचा गार्सिया बँड घेऊन. मला १९८९ मधे लॅबमधल्या सहकाऱ्याने वॉरफील्डला ओढत नेलं. माझ्या लक्षात गार्सिया राहिलाच नाही, राहिला तो ऑर्गनवाला! मेल्विन सील्स. चर्चमधे वाजवून तयार झालेला हात. गार्सिया एखादी जागा घ्यायचा आणि सील्स खालून असा सूर धरायचा की ती जागा दुप्पट मोठी वाटायची. आपल्याकडे मोठ्या गवयामागे पेटीवाला असतो ना, जो गवई पुढे कुठे जाणार ते आधीच ओळखून तिथे वाट बघत उभा असतो, तसा.

१९९५ च्या ९ ऑगस्टला गार्सिया गेला, ५३ वर्षांचा. सगळ्यांनी म्हटलं संपलं. आणि हा साथीदार तोच बँड घेऊन तीस वर्षं वाजवतोय. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर इथेच आहे, साथीदार असेपर्यंत संपत नाही.

पावणेआठ:
धागा चांगला आहे पण समेशी केलेली तुलना मला पटली नाही. मी तीसेक वर्षं ख्याल ऐकतोय. मुलाने हट्ट केला म्हणून यांची दोन रेकॉर्डिंग्ज पूर्ण ऐकली. राग नाही, बढत नाही, एका सप्तकात फिरत राहतात आणि मधली दहा मिनिटं तर ध्वनिवर्धक बिघडल्यासारखा आवाज. आपल्याकडे एकेक स्वर लावायला किती वर्षं जातात. पंचवीस मिनिटं वाजवलं म्हणजे विस्तार झाला असं नव्हे. कोणाला दुखवायचं नाही, पण प्रत्येक गोष्ट आपल्या बैठकीला नेऊन चिकटवायची गरज नाही.

धागेतिट:
@पावणेआठ, मी तबला शिकतो, अजून शिकतोच आहे, पण इथे थोडं बोलतो.

राग नाही हे शंभर टक्के मान्य. पण तुम्ही एका कलाकाराची बढत शोधताय आणि ती तिथे मिळणारच नाही. तिथे पाचसहा जण मिळून एकच आलाप करतात. फिल लेशचा बास ऐका. तो आधी ट्रम्पेट वाजवायचा, मिल्स कॉलेजात लुचानो बेरिओकडे संगीतरचना शिकला आणि बास हातात आला तो थेट बँडमधे. त्यामुळे तो ठेका धरून बसतच नाही, सतत गिटारशी बोलत असतो, उलट उत्तरं देत असतो. गाणं पुढे कोण नेतंय ते सांगता येत नाही आणि मजा त्यातच आहे.

आता तालाचं. मिकी हार्ट हा त्यांचा दुसरा ड्रमर. तो १९६७ मधे तबल्याचे उस्ताद अल्लारखाँ यांना भेटला आणि वेडा झाला. त्यानंतर यांच्या गाण्यात बघा काय काय यायला लागलं. 'द इलेव्हन' म्हणून चीज आहे ती सरळ अकरा मात्रांची. 'प्लेइंग इन द बँड' दहा मात्रांत फिरतं. 'एस्टिमेटेड प्रॉफेट' सातात. रूपक ताल म्हणून टाळी द्या, बसते! आणि यावर नाचतात हो लोक, हजारो लोक, मात्रा न मोजता.

पावणेआठ:
@धागेतिट, अकरा मात्रा म्हणजे रुद्र ताल म्हणायचा का तुम्हाला?

धागेतिट:
नाही नाही, रुद्र नाही म्हणणार. त्यांचे विभाग ३+३+३+२ असे आहेत. पण शेवटचे दोन जिथे येतात तिथे पायाखालची पायरी अचानक कमी झाल्यासारखं होतं, ते एकदा अनुभवाच. आणि तुमच्यासाठी खास: २९ मार्च १९९० चं न्यूयॉर्कजवळच्या नासाऊचं रेकॉर्डिंग. सॅक्सोफोनला ब्रॅनफर्ड मार्सालिस पाहुणा होता. जॅझचा तयार माणूस यांच्यात शिरतो आणि दोन मिनिटांत घरचा होतो. ते ऐकून मग सांगा.

गवती_चहा:
सगळे इतकं कौतुक करताय म्हणून मुद्दाम लिहितेय. माझा मोठा भाऊ नव्वदच्या सुरुवातीला शिकायला इकडे आला होता. त्याचा रूममेट या बँडच्या मागे गावोगाव फिरायचा, सुरुवातीला गाण्यासाठी आणि नंतर पार्किंग लॉटमधे जे काही मिळायचं त्यासाठी. अभ्यास गेला, मग घरच्यांशी बोलणं गेलं. भाऊ अजून त्याची आठवण काढून गप्प होतो. गार्सियासुद्धा व्यसनमुक्ती केंद्रातच गेला ना? त्या आधी त्यांचा गाणारा आणि ऑर्गन वाजवणारा पिगपेन दारूपायी सत्ताविसाव्या वर्षी. मुलांना घेऊन जा म्हणण्याआधी हे पण लिहा.

खाडीपलीकडे:
गवती_चहा, बरं झालं लिहिलंत. हे लपवून या लोकांबद्दल बोलताच येत नाही. मी स्वतः पार्किंग लॉटमधे असे हाल झालेले पोरगे बघितलेत.

पण त्याच गर्दीतली एक गोष्ट सांगतो. ऐंशीच्या दशकात काही श्रोत्यांनीच ठरवलं की आपल्याला गाणं सोडायचं नाही आणि नशा तर सोडायचीच आहे. वॉर्फ रॅट्स नाव त्यांचं. मध्यंतर झालं की हॉलमधे एका कोपऱ्यात पिवळे फुगे दिसतात, तिथे हे जमतात, एकमेकांना धीर देतात आणि दुसऱ्या अंकाला परत नाचायला जातात. तुमच्या भावाच्या मित्राला ते पिवळे फुगे दिसले असते तर, असं आत्ता तुमचं वाचताना वाटलं.

गवती_चहा:
हे माहीत नव्हतं. भावाला पाठवते.

कॅसेटवाला:
पुण्याहून लिहितोय. मी आयुष्यात अमेरिकेला गेलेलो नाही आणि यांच्या शेकडो मैफिली ऐकल्यात!

हे कसं झालं तर इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहामुळे. पण ती रेकॉर्डिंग्ज मुळात आली कुठून? तर श्रोते मायक्रोफोन घेऊन यायचे आणि बँड त्यांना हाकलायचा नाही. १९८४ च्या ऑक्टोबरमधे बर्कलीच्या कम्युनिटी थिएटरपासून तर रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी वेगळी तिकिटंच काढली, बसायची जागा ठरवून. अट एकच, विकायचं नाही. तू मला एक कॅसेट दे, मी तुला एक देतो.

मी वीस वर्षं जुन्या बैठकींच्या कॅसेटी गोळा करतोय. आपल्याकडे काय झालं ते मला विचारा. एकेका वाड्यात, एकेका कपाटात सोनं पडलंय, संग्राहक एकमेकांना ऐकवायला तयार नाहीत, बुरशी लागली तरी चालेल पण बाहेर द्यायचं नाही. मी एकांच्या दारात चार वेळा गेलो, पाचव्यांदा गेलो तर ते वारले होते आणि मुलाने सगळं भंगारात दिलं होतं. म्हणून मला या डेडवाल्यांचा हेवा वाटतो. चिंचगुळताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: ज्यांनी वाटून टाकलं त्यांचं टिकलं.

आता कुठून सुरुवात. ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठ, बार्टन हॉल. सगळे हेच सांगतील आणि सगळे बरोबर आहेत, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत ते घेतलंय. पण त्या आधी आठवडाभर नुसतं 'अमेरिकन ब्यूटी' ऐका, १९७० चं. छोटी छोटी गाणी आहेत. चीज पाठ असेल तर विस्तार कळतो.

कोथरूडकर_सध्या_ऑस्टिन:
+१ अमेरिकन ब्यूटीसाठी. माझ्या सासूबाईंनाही आवडलं.

रंगभवनची_पायरी:
कॅसेटवाल्यांनी जखमेवर बोट ठेवलंच आहे तर मी पण लिहितो, जरा अवांतर होईल.

आम्ही गिरगावातली पोरं, धोबीतलावचं रंगभवन हे आमचं अंगण. तिथे १९७८ पासून जॅझ यात्रा व्हायची, १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉकचा महोत्सव. उघड्यावरचं थिएटर, पायऱ्यांवर बसायचं, पावसाची भुरभुर आली तरी कोणी उठायचं नाही. स्टेजवर कोण आहे याच्यापेक्षा आजूबाजूला कोण आहे ते महत्त्वाचं होतं, कारण तिथेच ड्रमर शोधणाऱ्याला ड्रमर भेटायचा आणि पुढच्या वर्षी तोच स्टेजवर दिसायचा. शांतता क्षेत्राच्या नियमात ते बंद झालं. हॉस्पिटलं जवळ आहेत, कारण खोटं नाही, रुग्णांना त्रास देऊन गाणं नकोच. पण आम्हाला दुसरी जागा मिळाली नाही हो. वाजवणारे होते, ऐकणारे होते, नुसती पायरी गेली आणि सगळे विखुरले.

म्हणून मला साथीदार, कॅसेटी हे सगळं मान्य असूनही वाटतं की पहिलं उत्तर जागा हे आहे. छोटी, स्वस्त, घराजवळची जागा, जिथे रोज कोणीतरी वाजवत असतं.

खाडीपलीकडे:
@रंगभवनची_पायरी, तुमचं वाचून टेरापिन क्रॉसरोड्स आठवलं.

फिल लेशने २०१२ मधे सॅन राफेलला खाडीकाठी ही जागा काढली तेव्हा तो ७२ वर्षांचा होता. त्या वयात लोक आराम करतात. एका बाजूला तिकिटाचा हॉल आणि दुसऱ्या बाजूला बार, आणि बारमधे बऱ्याचदा फुकट वाजायचं. तुम्ही जेवायला गेलेले असायचे आणि कोपऱ्यात पोराटोरांच्या बँडमधे बास कोण वाजवतोय बघावं तर खुद्द फिल! मी हे डोळ्याने बघितलंय. बाजूला विशीतला एक पोरगा घामाघूम, आणि फिल हसून त्याला मानेने खूण करतोय की घे, आता तू घे. त्याची मुलं पण वाजवायची तिथे. आमच्या भागातले किती वाजवणारे त्या बारमधे तयार झाले.

२०२१ च्या शेवटी लीज संपलं आणि ते बंद झालं. शेवटच्या दिवसांत मी मुलाला घेऊन गेलो होतो, आम्ही बाहेर गवतावर बराच वेळ नुसते बसून राहिलो. पण फरक एवढाच पडला की ती पोरं इथेच राहिली. कोणी स्वीटवॉटरला, कोणी फेअरफॅक्सच्या बारमधे. १९७२ पासूनचं स्वीटवॉटर हे नाव सुद्धा मधे बंद पडून दुसऱ्या जागी २०१२ मधे परत उभं राहिलं, त्यात बॉब वीअरचा हात होता. चिंचगुळ यांना जो पंचविशीतला ड्रमर दिसला ना, तो काही असाच आकाशातून पडलेला नाही.

सुरपेटी:
फिलचं नाव निघालं म्हणून आले. मला त्यांचं गाणं फारसं कळत नाही. पण १९९८ मधे त्यांचं लिव्हर ट्रान्सप्लांट झालं आणि त्यानंतर ते प्रत्येक मैफिलीच्या शेवटी माइकसमोर येऊन सांगायचे की माझ्यासारख्याला एका तरुण मुलाने जीवदान दिलं, तुम्ही पण आज घरी जाऊन घरच्यांना सांगा की तुम्हाला अवयवदान करायचंय. प्रत्येक मैफिलीत, वर्षानुवर्षं.

माझ्या मावशीचं असंच झालं. देणाऱ्याच्या घरच्यांनी त्या रात्री होकार दिला म्हणून ती अकरा वर्षं जास्त जगली, नातवाची मुंज बघितली. २५ ऑक्टोबर २०२४ ला फिल गेल्याची बातमी वाचली, तेव्हा मी हिशोब केला, २६ वर्षं मिळाली त्यांना त्या मुलामुळे, आणि त्या २६ वर्षांत ते टेरापिन पण आलं. इतकंच सांगायचं होतं.

चिंचगुळ:
सुरपेटी, 🙏 हे मी आजोबांना वाचून दाखवलं. ते उठले आणि पाकिटातलं लायसन काढून त्यावरचा अवयवदानाचा गुलाबी ठिपका दाखवला. म्हणे फिलने सांगितलं म्हणून लावून घेतला.

अर्धी_भाकरी:
आता धाग्याला खरी रंगत आली. चहा दोनदा झाला.

धागेतिट:
अजून एक राहिलं, आणि हे तर आपलं आहे.

सॅन राफेलला उस्ताद अली अकबर खाँ साहेबांचं कॉलेज आहे, १९६८ पासून मरीनमधेच. म्हणजे ज्या गावात डेडचं ऑफिस, त्याच गावात सरोद आणि तबला शिकायला गोरी पोरं रांगेत! माहीमचे झाकीरभाई (तबलावादक झाकीर हुसेन) १९७० मधे अमेरिकेत आले आणि पुढे या कॉलेजात शिकवायला लागले. तिथल्या विद्यार्थ्यांचा तालवाद्यांचा एक समूह होता, त्यात मिकी हार्ट घुसला आणि नोव्हॅटोच्या त्याच्या शेतातल्या कोठारात तालमी व्हायला लागल्या. त्यातून १९७६ मधे दिगा ऱ्हिदम बँडची रेकॉर्ड आली. गार्सिया पण वाजवून गेलाय त्यात. त्यातल्याच एका तुकड्यावरून पुढे डेडचं 'फायर ऑन द माउंटन' झालं. पुढे मिकी हार्ट आणि झाकीरभाईंचं १९९१ चं प्लॅनेट ड्रम, त्याला वर्ल्ड म्युझिकचं पहिलं ग्रॅमी.

१५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई सॅन फ्रान्सिस्कोतच गेले. फिलला जाऊन दोन महिने पण झाले नव्हते. त्या डिसेंबरात मी रियाजाला बसायचो आणि हात उचलायचा नाही.

कॅसेटवाला:
आणि गार्सियाच्या अस्थींचा काही भाग एप्रिल १९९६ मधे हृषीकेशला गंगेत सोडला, बॉब वीअर स्वतः आला होता. चाहत्यांना तेव्हा आवडलं नव्हतं, त्यांचा माणूस इतका लांब का नेला म्हणून. मी दोन वर्षांपूर्वी तिथे गेलो तेव्हा घाटावर बसून हेडफोनवर अर्धा तास त्याचं गिटार ऐकलं. शेजारी एक आजी दिवा सोडत होत्या.

पावणेआठ:
@धागेतिट, ऐकलं ते १९९० चं. दोनदा ऐकलं. सम वगैरे म्हणणार नाही अजूनही. पण सॅक्सोफोनवाला एक वाक्य म्हणतो आणि गिटारवाला ते अर्धवट पकडून त्याचं शेपूट बदलून परत देतो, तिथे माझ्या तोंडून वा गेलं. मुलगा शेजारच्या खोलीतून धावत आला. आमचं बऱ्याच दिवसांनी तासभर बोलणं झालं.

गवती_चहा:
भावाने उत्तर पाठवलंय. म्हणाला १९९४ मधे त्याच रूममेटने त्याला एक कॅसेट दिली होती, ती अजून आहे. टेपरेकॉर्डर नाही म्हणून ऐकली नाही.

कॅसेटवाला:
गवती_चहा, कॅसेटवरची तारीख आणि गाव फक्त सांगा, मी डिजिटल शोधून देतो. आणि मूळ कॅसेट फेकू नका, दर सहा महिन्यांनी एकदा पुढेमागे फिरवा नाहीतर थर चिकटतात.

चिंचगुळ:
सगळ्यांचे मनापासून आभार. यादी करून घेतलीय, अमेरिकन ब्यूटी चालू आहे स्वयंपाक करताना, आणि लेकीला (वय ९) दोन गाणी पाठ पण झाली.

आजोबांना तुमचे सगळे प्रतिसाद इंग्रजीत सांगितले, दोन संध्याकाळी लागल्या. २०२५ च्या ऑगस्टात गोल्डन गेट पार्कात डेडच्या साठ वर्षांचा सोहळा झाला तीन दिवस, तिथे ते गेले होते. मी त्यांना माझा तिसरा प्रश्न विचारला की हे संपणार का. ते काही बोलले नाहीत, आत जाऊन धूळ बसलेली गिटार केस घेऊन आले. मला माहीतच नव्हतं ते वाजवतात! टपालाची पिशवी खांद्यावर वाहून खांदा गेला म्हणून वीस वर्षं बंद होतं म्हणे. आता रविवारी दुपारी गॅरेजमधे त्यांचे दोन मित्र येणार आहेत, आणि त्यांनी विचारलंय की तो अकरा मात्रांवाला तबल्याचा मुलगा किती लांब राहतो?

धागेतिट:
सनीवेल! अर्ध्या तासाच्या आत पोचतो. पट्टी, म्हणजे कुठला सूर षड्ज धरून वाजवणार ते, विचारून ठेवा, माझ्याकडे काळी एकचा तबला आहे.

चिंचगुळ:
आजोबांना पट्टी हा प्रकार समजावून सांगितला. ते म्हणाले बहुतेक सगळं ई मधे.

धागेतिट:
ई म्हणजे पांढरी तीन. गुरुजींचा मागून आणतो. रविवारी किती वाजता?